उणे अकरा सेंटिमीटरचा माणूस

"तब्येत काय म्हणते?" या प्रश्नाला आपल्याकडे "ठीक, चाललंय" असं उत्तर द्यायची पद्धत आहे आणि ती फार सोयीची आहे. 'ठीक'ला दशांश चिन्ह नसतं. 'चाललंय' किती सेकंदांत, असं कोणी विचारत नाही. माझी ४८ वर्षं या उत्तरावर सुखाने निघून गेली. मग आमची कन्या बारावीला गेली आणि तिने सीबीएसईचा फिजिकल एज्युकेशन हा विषय घेतला.

मार्क मिळतात म्हणून घेतला असेल, असं आम्ही समजत होतो. त्यात 'चाचणी आणि मापन' नावाचं आख्खं प्रकरण आहे, हे ती शिंप्याची टेप घेऊन माझ्या मागे उभी राहीपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. "बाबा, प्रॅक्टिकलच्या फायलीसाठी माणूस हवाय. आई नाही म्हणाली." बायको नाही म्हणू शकते, हा पर्याय घरात उपलब्ध आहे हेही मला त्याच दिवशी कळलं.

सुरुवात बीएमआयने, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याने झाली. उंची १६८, वजन ७४, भागाकार २६.२. जागतिक तक्त्यात ३०पर्यंत माणसाला लठ्ठ म्हणत नाहीत. भारतीयांसाठी मात्र ही रेघ २५वर ओढली आहे, कारण तेवढ्याच वजनात आपल्या पोटावर चरबी जास्त साठते आणि मधुमेहही आपल्याला लवकर गाठतो. म्हणजे गोऱ्यांच्या तक्त्यात जो मी नुसताच 'जरा जास्त', तोच मी नवी मुंबईतल्या आमच्या नेरुळमध्ये लठ्ठ. मी लगेच अभ्यास करून हरकत घेतली. हे सूत्र काढणारा आदोल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, एकेकट्याला जाड ठरवायचं नव्हतंच. तारे मोजणाऱ्याने माझ्या पोटाबद्दल बोलू नये, असं माझं म्हणणं होतं. "बरोबर आहे," कन्या म्हणाली, "म्हणून आता कंबर मोजू. पोट आत ओढू नकोस." पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी. पोट आत ओढल्यावर माझी होती.

मग आली फ्लेमिंगो टेस्ट. जमिनीवर ठेवलेल्या अरुंद पट्टीवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय गुडघ्यात मुडपून मागून हातात धरायचा आणि एका मिनिटात किती वेळा तोल गेला ते मोजायचं. पहिल्याच अर्ध्या मिनिटात १५पेक्षा जास्त वेळा पडलात, तर चाचणी थांबवून शून्य देतात. खेलो इंडिया या सरकारी क्रीडा योजनेच्या यादीत ही परीक्षा ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. हे मला शून्य मिळाल्यानंतर सांगण्यात आलं.

फ्लेमिंगोंविषयी, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांविषयी मला अढी नाही. दर हिवाळ्यात आमच्याकडच्या पाणथळीत ते हजारोंनी येतात, सगळा वॉर्ड कॅमेरे घेऊन लोटतो आणि तेही बिचारे तासन्‌तास एका पायावर फोटो काढून घेतात. त्यांच्या नावाची परीक्षा आपण नापास व्हावी, याचं वाईट वाटून मी आणखी वाचलं आणि आणखी वाईट वाटलं. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की, रोहित पक्ष्याच्या सांध्यांची ठेवणच अशी आहे की एका पायावर उभं राहायला त्याला स्नायूंचं बळ जवळजवळ लागतच नाही. त्यांनी मेलेला पक्षी एका पायावर उभा करून पाहिला, तो राहिला. दोन पायांवर मात्र राहीना. म्हणजे या परीक्षेत मेलेला रोहित पक्षी पास आहे आणि हयातीच्या दाखल्यासकट मी नापास.

५० मीटर धावण्याबद्दल मी निर्धास्त होतो. कारण स्टेशनच्या जिन्यावरून ८.१२ची लोकल दिसली की डब्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच भरतं आणि ते मी रोज बॅग, डबा आणि छत्रीसह कापतो. पण समोर गाडीच नसेल तर माझे पाय उचलत नाहीत, असं निष्पन्न झालं. ६०० मीटर सोसायटीला फेऱ्या मारून पुरे करायचे होते. त्यात चालायला परवानगी आहे. मी ती पुरेपूर वापरली. तिसऱ्या फेरीला वॉचमनने खुर्ची पुढे केली.

सिट अँड रीचमध्ये भिंतीला ठेवलेल्या खोक्याला तळवे टेकवून, पाय सरळ ठेवून बसायचं आणि पुढे वाकायचं. बोटं पायांच्या बोटांना टेकली की शून्य, पुढे गेली तर अधिक, अलीकडे राहिली तर उणे. माझी ११ सेंटिमीटर अलीकडे राहिली. शाळेत मी काठावर पास झालो असेन, पण परीक्षकाला उणे मार्क द्यायची वेळ मी कधी आणली नव्हती. "गुडघे उचलू नकोस," कन्या म्हणाली. गुडघे मी उचलत नव्हतो, ते आपणहून उठत होते.

खरी शोभा झाली ती हार्वर्ड स्टेप टेस्टला. हार्वर्ड विद्यापीठात बिझनेस स्कूलच्या तळघरात 'फटीग लॅबोरेटरी', म्हणजे चक्क थकव्याची प्रयोगशाळा होती. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी तरुण पोरं पारखायला तिथे ही चाचणी तयार झाली. २० इंच उंचीच्या ठोकळ्यावर मिनिटाला ३० वेळा चढायचं, उतरायचं, आणि हे सलग ५ मिनिटं. आता २० इंचांचं काही आमच्या घरात नव्हतं. टीपॉय १६ निघाला, देवघराचा चौरंग ९. दिवाण गादीसकट बरोबर २० भरला, पण पाय ठेवताच १७ झाला. अखेर टेप घेऊन आम्ही खाली उतरलो आणि बागेतला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा नेमका २० इंच निघाला.

कट्ट्यावर चार ज्येष्ठ बसलेले होते. एरवी सोसायटीच्या सभेतसुद्धा ही मंडळी जागा सोडत नाहीत, पण मी का चढणार आहे हे कळताच चौघेही तत्परतेने उठून समोर उभे राहिले. प्रश्न फक्त लयीचा होता. वर-वर-खाली-खाली, दोन सेकंदांत चार पावलं. मोबाइलवरची टिकटिक पोरांच्या क्रिकेटमध्ये ऐकू येईना, तेव्हा भजनी मंडळातले नाना म्हणाले, "मी टाळी देतो." लय त्यांनी अचूक पकडली, यात वाद नाही. पण नुसत्या टाळीत त्यांना करमेना, म्हणून त्यांनी "जय जय रामकृष्ण हरि" सुरू केलं, बाकीच्या तिघांनी धरलं, आणि ज्याने कधी भजन ऐकलंय त्याला पुढचं सांगायला नको. गजर एका लयीत कधी राहिलेला नाही. तो चढतो. तिसाचे चाळीस झाले, चाळीसाचे किती झाले ते हार्वर्डलाच माहीत. नानांचे डोळे मिटलेले, कन्या हातवारे करतेय, मी कट्ट्याच्या वर आहे की खाली हे माझं मलाच उमगेना. १०० सेकंदांनी मी कट्ट्यावर आडवा झालो आणि गजर थांबला म्हटल्यावर चौघांनी सवयीने एका सुरात "पुंडलिक वरदे हाऽऽरि विठ्ठल" केलं. दोन गॅलऱ्यांतून लोकांनी हात जोडले.

यानंतर तीनदा अर्धा-अर्धा मिनिट नाडी मोजतात. ठोके ६६, ५८ आणि ५२. सेकंदांना शंभराने गुणून, ठोक्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागलं की गुणांक येतो. ५५च्या खाली सगळे 'निकृष्ट'. माझा २८. "म्हणजे निम्मे तर मिळाले," नाना म्हणाले. त्यांचा जिव्हाळा खरा होता.

फायलीत ज्येष्ठांसाठीची रिक्ली-जोन्स चाचणीही हवी होती. नाना तयारच होते, पण कन्येला आजी हवी होती. आई ७६ वर्षांची. खुर्चीतून हात छातीशी घेऊन अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठायचं. तिच्या वयाच्या बायकांचं प्रमाण १० ते १५. आई एकदा उठली आणि उभीच राहिली.

"अगं आजी, परत बस."

"का? काम काय आहे ते सांग ना. उगाच उठबस कोण करतं?"

पाठीमागे एक हात वरून, एक खालून नेऊन बोटांमधलं अंतर मोजतात, त्यात बोटं एकमेकांवर चढली. मग खुर्चीतून उठून आठ फुटांवरच्या खुणेला वळसा घालून परत यायचं होतं. आई झपकन उठली, खुणेपर्यंत गेली, तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली. ती तशीच स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला, आमटीत मीठ पाहिलं, सुनेला काहीतरी सांगितलं आणि परत येऊन खुर्चीत बसली. वेळ ४ मिनिटं १० सेकंद. कन्येने प्रामाणिकपणे तोच लिहिला. त्या तक्त्यात आमटीला रकाना नाही.

काल फाइल तपासून परत आली. आजीच्या पानावर नुसतं प्रश्नचिन्ह आहे. माझ्या पानावर शिक्षकांनी लाल शाईत लिहिलंय, "सिट अँड रीच : उणे चिन्ह चुकून पडले आहे का? स्टेप टेस्टचे आकडेही संशयास्पद. सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात." कन्येने रविवार ठरवलाय. नानांनी या खेपेला टाळ आणि मृदंग आणतो म्हणून निरोप धाडला आहे. त्या दिवशी नात्यात कुठे मुंज, साखरपुडा, निदान घरभरणी तरी निघते का, याची मी फोनवरून चौकशी करतो आहे. लांबचं नातं असलं तरी चालेल, फक्त गाव लांब हवं.