जरा टेन्शन वाढवून बघा

काम एवढंच होतं: बॅगेचा खांद्याचा पट्टा, चामड्याचे दोन थर, प्रत्येकी साधारण ३ मिलिमीटर, दोन्ही कडांनी सरळ शिलाई. दहा मिनिटांत हातावेगळं होणारं. म्हणूनच पट्टा घेऊन आलेल्या गृहस्थांना मी म्हणालो, "बसा, लगेच देतो." यातलं 'बसा' त्यांनी दोन तास पाळलं आणि 'लगेच' मला सात वेळा ऐकवलं.

मशीन वॉकिंग फूटचं. म्हणजे खालचे दाते, सुई आणि आतला पाय असे तिघं मिळून चामडं पुढे नेतात, आणि ते मागे परतताना बाहेरचा पाय चामडं दाबून धरतो. दोरा बॉन्डेड नायलॉन, जाडी टेक्स १३५. सुई १४० नंबरची, चामडं कापणाऱ्या टोकाची. टाका ४ मिलिमीटरचा. यात कुणी नाक मुरडावं असं काही नाही.

पहिले पाच टाके दृष्ट लागण्यासारखे पडले. आणि ती लागली. सहावा सुटला. वरून दोन टाक्यांच्या जागी एकच लांबडा टाका, खाली बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा नुसता आडवा पडलेला.

"एक गेला," गृहस्थ म्हणाले.

मी थोडं पुढे गेलो. "दोन." आणखी पुढे. "तीन. हे तर लागोपाठ." मोजायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चौथा सुटल्यावर खुर्ची पुढे ओढून ते म्हणाले, "जरा टेन्शन वाढवून बघा."

हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे की मशीनवर ते छापूनच येतं की काय अशी शंका येते. कारण साधं आहे. सुईचा दोरा पकडणारा हुक खाली दडलेला, बॉबिन झाकणाखाली, सुई आणि हुकाची वेळ जुळवणारं टायमिंग पोटात. समोर, डोळ्यांच्या उंचीवर, बोटांना बोलावत असलेली गोष्ट एकच: टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, नॉब. फिरवला की आपण काहीतरी केलं असं वाटतं. मशीनला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

टेन्शन ठरवतं ते एवढंच, की वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ कुठे बसणार. ती चामड्याच्या जाडीच्या मधोमध हवी. वरचा दोरा ढिला असेल तर गाठ खाली ओघळते आणि खालच्या बाजूला फासे दिसतात. वरचा फार आवळलेला असेल तर बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा वर डोकावतो. पण टाका सुटणं म्हणजे गाठ बसलेलीच नाही. जी गाठ पडलीच नाही ती वर बसवायची की खाली, हा वाद म्हणजे लग्न ठरण्याआधी बारशाचं नाव शोधणं. उलट टेन्शन अतोनात आवळलं तर हुकाने पकडायचा सुईमागचा दोऱ्याचा फासा आखडतो आणि टाके जास्तच सुटतात.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो, पण जरा वाढवून बघायला काय हरकत आहे?"

हरकत ही, की एकदा नॉब फिरवला की मूळ जागा हरवते. मग वरचं फिरवलं म्हणून खालचं फिरवायचं, बॉबिन केसचा इवलासा स्क्रू आवळायचा, तो जास्त झाला म्हणून पुन्हा वरचं. मूळ दोष बाजूला आणि आपण स्वतः पेरलेले दोन नवे दोष गळ्यात. ज्यांच्या मशीनखाली दोऱ्याचं घरटं होतं त्यांची हीच गत. गुंता खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनकडे खाऊ की गिळू असं बघतात. गुन्हेगार बहुतेक वेळा वर असतो: दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट शिरलेलाच नसतो, किंवा दोरा वर ओढणाऱ्या टेकअप लिव्हरमधून निसटलेला असतो, किंवा मशीनचा पाय उचललेलाच ठेवून शिवायला सुरुवात केलेली असते. पाय वर असताना चकत्या उघड्या असतात. तेव्हा नॉब कितीही पिळा, दोऱ्याला त्याची खबरही नसते. शिवाय सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं हाताने धरली नाहीत तर पहिल्या दोन-तीन टाक्यांतच घरटं तयार. बॉबिनचा दोष असतोच कधी, तर केसच्या पातळ स्प्रिंगखाली दोऱ्याचा तुसा अडकलेला असतो. कागदाचा कोपरा आत सरकवला की निघतो. स्क्रूला हात लावायची गरज नसते.

विषय लांबला. पण कालपासून मनात साठलंय, कुठेतरी सांडायला हवं.

मी कातरणाचा तुकडा घेतला. त्याच जाडीचे दोन थर, न चिकटवलेले, एकावर एक. वीस टाके शिवले. एकही सुटला नाही. विजयी मुद्रेने तो गृहस्थांच्या हातात दिला. त्यांनी उलटून-पालटून पाहिला, मग पट्ट्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुमचं मशीन कचरा छान शिवतं."

या वाक्यावर उत्तर मला रात्री अकरा वाजता सुचलं. तेव्हा सुचलं नाही.

मी मशीनच्या पायाचा दाब वाढवला. हा उपाय वेडा नव्हता. सुई तळाला जाते, तिथून २ ते २.५ मिलिमीटर वर येते, आणि एवढ्याशा प्रवासात चामड्याने धरून ठेवलेला दोरा सुईच्या कोरलेल्या बाजूला फुगतो. त्या फाशातून हुकाचं टोक घुसतं. सुई आणि हुक यांच्यात अंतर असतं मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहून कमी. आता दाब कमी पडला आणि वर येणाऱ्या सुईबरोबर चामडंही उचललं गेलं, तर फासा फुगतच नाही. हुक येतो, रिकाम्या हवेत हात घालतो आणि निघून जातो. एलियस होवनं १८४६ मध्ये दोन दोऱ्यांच्या अडकटाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं तेव्हापासून सगळा संसार या एका फाशावर उभा आहे. तो फुगला तर टाका, नाहीतर "पाच गेले."

हो, पाचवाही गेला. नंतर सहावा.

"आमच्या आईचं मशीन होतं," गृहस्थांनी मांडी बदलली. "पंचवीस वर्षं वापरलं. एक टाका सुटला नाही."

"काय शिवायच्या?"

"उशांचे अभ्रे."

मी गप्प राहिलो. राहायला नको होतं.

"आणि सुई ती स्वतः बसवायची. डोळे मिटून."

डोळे मिटून बसणारच. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो. ती उलटी बसवायची म्हटलं तरी सहसा बसत नाही. या मशीनची सुई गोल दांड्याची. ३६० अंशांत कशीही फिरवा, ती बिनतक्रार आत जाते आणि मग आयुष्यभर तक्रार करते. लांब खाच दोरा शिरतो त्या बाजूला, कोरलेला खळगा हुकाकडे, आणि दांडा थेट वरपर्यंत टेकलेला. थोडीशी तिरकी किंवा अर्धा मिलिमीटर खाली राहिली की टाके सुटायला लागतात. वर त्या सुयांचे नंबर. १३५×१६ म्हणजे चामड्यासाठी कापणाऱ्या टोकाची, १३५×१७ म्हणजे कापडासाठी गोल टोकाची. लांबी तीच, दांडा तोच, मशीनमध्ये दोन्ही सारख्याच बसतात. घाईत डबी चुकली की चामड्यात गोल टोक घुसवत बसायचं: मशीन धापा टाकतं, सुई तापते, नायलॉनचा दोरा वितळून पिंजतो. आणि दोष अर्थातच टेन्शनचा!

मी सुई काढली, सपाट काचेवर लोळवून पाहिली. सरळ होती. तरी नवीन लावली. आठ टाके झकास. मी मान वर केली. गृहस्थ पुढे झुकले. नववा सुटला.

"सात. नवीन सुईसुद्धा खराब निघाली म्हणायची."

इथे मला कळायला हवं होतं. नवीन सुई आठ टाके नीट चालते आणि मग बिघडते, तर त्या आठ टाक्यांत सुईला काहीतरी झालं. इतकी उघड गोष्ट. पण खांद्याशी कुणी मोजदाद करत बसलं की माणूस विचार करत नाही, नुसतं स्वतःला सिद्ध करत बसतो.

तर मी सिद्ध करत बसलो. दोरा पुन्हा ओवला. दोऱ्याच्या कोनाच्या, म्हणजे मोठ्या रिळाच्या, बुडाशी दोरा घसरून अडकलाय का पाहिलं; वरची कडी बरोबर कोनाच्या डोक्यावर नसेल तर हेही होतं. सुईपट्टीच्या भोकावरून नख फिरवलं, कुठे खरखरीत लागत नव्हतं. हुकाचं टोक तपासलं, बोथट नव्हतं.

"तेल घातलंत का?" गृहस्थ.

"सकाळीच."

"अजून थोडं घाला."

हुकाला तेल लागतंच. पण तेल घातल्यावर आधी कातरणावर शिवून जादा तेल निपटून घ्यावं लागतं, नाहीतर दोऱ्यावरून ते चामड्यात उतरतं. फिकट, रंग न दिलेल्या चामड्यावर तेलाचा डाग पडला की तो त्या चामड्याच्या अंतापर्यंत सोबत करतो. हे मी सांगितलं नाही. माझ्यात सांगण्याची ताकद उरली नव्हती.

"मग आतूनच उघडून बघा ना," त्यांनी प्रेमाने सुचवलं. "टायमिंग का काय ते गेलं असेल."

हा शब्द त्यांना कुठून कळला देव जाणे. टायमिंग असं बसल्या बसल्या जात नाही. हुकात दोरा करकचून अडकला, सुई वाकून हुकाला धडकली, तरच हलतं. पुष्कळ मशीनमध्ये अशा वेळी हुक वाचावा म्हणून सुरक्षा क्लच सुटतो. मग मशीन फिरतं पण एकही टाका पडत नाही. आपला एक पडत होता, एक सुटत होता. तरी चाक हाताने फिरवून पाहिलं. सुई तळातून वर येत असताना हुकाचं टोक तिच्या डोळ्याच्या किंचित वर, बरोबर खळग्यात. अगदी शहाण्यासारखं.

मग मी सुई पुन्हा काढली, आणि या वेळी ती बोटांना चिकटली.

डोळ्याच्या वर, नेमकी त्या खळग्यात, काळपट चिकट गोळी. दोरा सुईला चिकटून बसत होता, फासा फुगत नव्हता. सोल्यूशन! चामडं चिकटवायचं, ओलं सोल्यूशन.

"हे थर तुम्ही चिकटवलेत?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सपाट ठेवला.

"हो. निघता निघता. दोन हात दिलेत भरपूर. म्हटलं, तुमचं तेवढंच काम वाचेल."

मला थर मूळचेच चिकटलेले वाटले होते. वास म्हणाल तर माझ्या खोलीला तोच वास बारा महिने असतो.

सोल्यूशनचं शास्त्र असं की दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, बोट लावलं तर बोटाला येणार नाही इतका वाळू द्यायचा, मग दाबून, हातोडीने ठोकून जोडायचं. भरपूर दोन हात देऊन ओलंच जोडलं, तर आतला द्राव बाहेर पडायला वाटच राहत नाही. तासन्‌तास आत ओलं. सुई प्रत्येक टाक्याला त्यात बुडी मारून येणार.

"पण मग हे तुम्ही आधीच विचारायला हवं होतं ना," गृहस्थ म्हणाले.

याचा राग अजून आहे. कारण बरोबर होतं.

खरं तर पट्टा उद्यापर्यंत ठेवून जा म्हणायचं. ते उठणार नव्हते. मग सुई १६० ची घातली, म्हणजे दोऱ्याला भोकात जरा मोकळीक. दोऱ्यावर सिलिकॉनचा हात, वेग गोगलगाईचा, आणि दर दहा टाक्यांनी थांबून सुई पुसायची. सुटलेले टाके उसवून पुन्हा शिवताना चाक हाताने फिरवत प्रत्येक जुन्या भोकात सुई नेमकी उतरवायची, कारण चामडं भोक विसरत नाही. कापड नखाने चोळलं की धागे जागेवर येतात. चामड्यात कापणाऱ्या सुईचं भोक ते कायमचं. तरी एक भोक जास्तीचं राहिलंच. त्यांनी ते शोधलं.

शेवटचा टाका पडला, मी दोन टाके उलटे घेऊन दोरा कापला, मशीन बंद केलं. गृहस्थांनी पट्टा उजेडात धरला. उलटवला. खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"खालचा टाका जरा वेगळा दिसतो वरच्यापेक्षा."

दिसतोच. सुई वरून चामडं कापत जाते आणि खालून ते बाहेर ढकलत निघते, म्हणून खालच्या भोकांना ओठ येतात. म्हणूनच दर्शनी बाजू नेहमी वर ठेवतात. हातोडीने हलके ठोकलं की बरंच बसतं, सगळं बसत नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"जरा टेन्शन वाढवलं असतं तर," ते म्हणाले.

मी हात लांब केला आणि बंद मशीनचा नॉब त्यांच्यासमोर अर्धा फेरा फिरवला.

"आता बघा."

त्यांनी हातातल्या पट्ट्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. डोळे बारीक केले.

"हां," ते म्हणाले. "आता आला बरोबर. हेच मघापासून सांगत होतो."