इपॉक्सी पाहुण्यांसाठी थांबत नाही

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, आणि घरी होडी बांधायला घेतलेल्या माणसाला ही माहिती येताजाता कोणी ना कोणी नव्याने पुरवत असते. इंदिरानगरातील आमच्या घरासमोर, मोटारीच्या जागेवर प्लायवूडचे ताव उभे राहिले तेव्हा गल्लीने ते नवे कपाट मानले, पण तावांना निमुळती टोके फुटू लागल्यावर समोरचे तात्या फाटकाशी थांबून म्हणाले, "काय हो, यंदा दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी जाणार, अशी काही आतली बातमी आहे का?" ज्या गावात गोदावरीचा पूर मारुतीच्या गुडघ्यावर, कमरेवर आणि छातीवर मोजतात, त्या गावात हा प्रश्न वाजवीच होता. होडी दारातून बाहेर निघेल का, हे मी आधीच मोजून ठेवले आहे असे कळल्यावर मात्र अनेकांचा विरस झाला.

पद्धत तशी सोपी आहे. प्लायवूडच्या फळ्या नकाशाप्रमाणे कापायच्या, कडांना भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना टाचायच्या, आतल्या सांध्यांत इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की दगडासारखा कडक होणारा गोंद, भरायचे आणि त्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी बसवायची. 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची अशीच एक छोटी शिडाची होडी निघाली आणि तिच्या 70 हजारांच्या आसपास प्रती, बऱ्याचशा हौशी मंडळींनी आपापल्या घरी बांधलेल्या, पाण्यात उतरल्या. माझ्यासाठी तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आली, आणि तिथल्या कारागिराने ती कशाला हवी हे विचारले नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

प्लायवूड विकणाऱ्याने मात्र अभिमानाने सांगितले होते, "साहेब, हे सेव्हन-टेन आहे, खुशाल पाण्यात उकळा." आयएस 710 या मानकाप्रमाणे मरीन प्लायवूडचा तुकडा 72 तास उकळला तरी त्याचे थर सुटता कामा नयेत. मी त्याचा शब्द खरा मानून एक तुकडा जुन्या पातेल्यात घालून गॅसवर ठेवला. घरभर ओल्या लाकडाचा वास पसरला, नेमकी तेव्हाच आलेली मावशी स्वयंपाकघराकडे पाहून संकोचाने गप्प बसली, आणि पत्नीने अतिशय शांतपणे विचारले, "अहो, ह्यात मीठ घालायचे आहे का?" तो तुकडा टिकला. दुसऱ्या दुकानातला, तोच शिक्का असलेला तुकडा मात्र संध्याकाळपर्यंत थराथराने सुटा झाला. शिक्का मारायला शाई पुरते, डिंक लागत नाही.

तरीही खरी परीक्षा इपॉक्सीची. रेझिन आणि हार्डनर हे त्याचे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळले की घड्याळ सुरू होते, आणि डब्यावर लिहिलेली तीस मिनिटे ही 25 अंश तापमानाची असतात. तापमान दहा अंशांनी वाढले की ही मुदत साधारण निम्मी होते, आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशी गाठतो. त्यात हे मिश्रण स्वतःच उष्णता सोडते. खोल मगात ठेवले तर ती उष्णता बाहेर पडत नाही, मिश्रण आणखी तापते, मग धूर निघू लागतो आणि शेवटी हातात मगाच्या आकाराचा दगड राहतो. म्हणूनच ते ताबडतोब पसरट ताटात ओतायचे असते. हे सर्व मला पाठ होते, तात्यांना नव्हते. मिश्रण ढवळून झाले की ते हमखास फाटकातून आत येत, स्टूल ओढून बसत आणि "तुमचे चालू द्या" असे म्हणून पुतण्याच्या लग्नाची बोलणी पहिल्यापासून सांगायला घेत. रबरी हातमोजे घातलेल्या, हातात ब्रश घेतलेल्या माणसाला पाहुण्यांकडे पाठ फिरवता येत नाही, अशी आपली रीत आहे, आणि ती रीत ज्यांनी घालून दिली त्यांना रसायनशास्त्राची पीडा नव्हती. शिवाय ओळखीचे एक मिस्त्री रोज सुचवत, "हार्डनर थोडे जास्त टाका, लवकर कडक होईल." पॉलिएस्टर रेझिनमध्ये ही युक्ती काही अंशी चालते, इपॉक्सीत जादा हार्डनरला जोडायला रेझिनच उरत नाही, आणि सांधा कायमचा मऊ किंवा चिकट राहतो. मी नम्रपणे होकार देत असे आणि वजनकाटा दुसऱ्या बाजूला वळवत असे.

सांध्यात भरायच्या लगद्याबाबत मात्र घरातूनच मदत मिळाली. इपॉक्सीत लाकडाचे बारीक पीठ किती कालवायचे याचा निर्णय पुस्तकांना नीट सांगता येत नाही, पत्नीने दारातूनच सांगितले, "डाव उभा राहिला की पुरण झाले." मी काठी उभी केली. ती उभी राहिली, आणि लगदा उभ्या सांध्यावरूनही ओघळला नाही.

पुढे पावसाळी दमट हवा सुरू झाली आणि वाळलेल्या थरावर मेणचट, तेलकट तवंग दिसू लागला. अशा हवेत काही हार्डनर पृष्ठभागावर असा थर सोडतात. तो न काढता रंग दिला तर रंग धरत नाही. शेजारच्या काकूंना यातले काहीच ठाऊक नव्हते. "शी, केवढे तेलकट!" असे म्हणून त्यांनी बादली आणि घासणी मागवली आणि होडीचा तळ पाण्याने खसाखसा धुऊन काढला. पुस्तकातला उपाय अक्षरशः हाच आहे. फक्त पुस्तक इतके रागावून सांगत नाही.

आता उन्हापासून इपॉक्सी वाचवणारा रंगही लागला आहे आणि घरात एकच वाद उरला आहे. सासरेबुवांच्या मते नारळ होडीच्या नाकावरच फुटला पाहिजे. माझ्या मते तो गंगापूर धरणाच्या काठावरील एखाद्या दगडावर फुटला तरी गोदामाईला चालेल. तात्यांनी मध्यस्थी करून सुचवले आहे की आधी उकळून पाहिलेल्या तुकड्यावर एक नारळ फोडून बघावा, आणि या कामासाठी ते उद्या सकाळी लवकर येणार आहेत.