फॅरोचे रथ आधी बाजूला लावा

‘इतिहासाचं पुस्तक मिटा, रोम: टोटल वॉर खेळा’ असं सांगणारा, या प्राचीन युद्धांवरच्या कॉम्प्युटर गेमबद्दलचा एक व्हिडिओ सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या भाच्यानं त्यातले मुद्दे उचलून थेट नववीच्या प्रकल्पात घातले, म्हणून हा खटाटोप. गेम झकास आहे, मीही खेळते. राग आहे तो गेमला बखर समजणाऱ्यांचा.

पहिला दावा सगळ्यात भंपक: ‘इजिप्शियन लोक हजार वर्षं रथांनाच चिकटून राहिले, शिकले नाहीत, म्हणून बुडाले.’ अहो, गेम सुरू होतो इ.स.पू. २७० मध्ये. तेव्हा तिथे टॉलेमींचं, म्हणजे मॅसिडोनियन वंशाच्या घराण्याचं राज्य होतं. गेममधले रथ आणि ‘फॅरोज गार्ड’ त्याच्या कितीतरी आधीच्या फॅरो (इजिप्तचा राजा) रामसेसच्या जमान्यातले. राष्ट्रकूटांचं सैन्य कारगिलला उतरवण्यातलाच हा प्रकार! गेमवाल्यांना पिरॅमिडछाप इजिप्त हवं होतं, ठीक आहे. पण त्यावरून अख्ख्या लोकांना मठ्ठ ठरवायचं?

प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा पाचवा खंड उघडा. इ.स.पू. २१७, रफियाची लढाई: चौथा टॉलेमी विरुद्ध सेल्युकसच्या घराण्यातला तिसरा अँटायोकस. टॉलेमीकडे ७३ आफ्रिकी हत्ती, समोर १०२ भारतीय. (चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती घेणारा तोच हा सेल्युकस.) भारतीय हत्तींचा वास आणि चीत्कार सहन न होऊन टॉलेमीचे बहुतेक हत्ती बिचकले. लढाई जिंकली ती लांब भाल्यांच्या पायदळानं, आणि त्यात मॅसिडोनियन पद्धतीनं तयार केलेले सुमारे २०,००० इजिप्शियन होते. रथांचं नावही नाही. पुढे याच विजयानं बळ आलेल्या इजिप्शियनांनी टॉलेमींविरुद्धच बंड केलं, आणि दक्षिणेत वीसेक वर्षं स्वतःचे फॅरो बसवले. न शिकलेले लोक म्हणे!

टॉलेमी देवळांच्या भिंतींवर फॅरोच्या वेषात कोरलेले दिसतात, हे मान्य. पण तो पोशाख प्रजेला दाखवायचा होता, रणांगणातला नव्हे.

दुसरा दावा: कार्थेजच्या हॅनिबलनं कॅनीच्या लढाईत रोमनांना हत्तींच्या जोरावर हरवलं. हॅनिबलचे हत्ती आल्प्स ओलांडून आले खरे, पण पहिल्याच हिवाळ्यात एक सोडून बाकी सगळे मेले. कॅनीची लढाई त्यानंतरची, इ.स.पू. २१६ ची. ती मारली घोडदळानं आणि वेढ्याच्या डावपेचानं.

तिसरा दावा: रोमनांनी कार्थेज पाडून तिथल्या जमिनीत मीठ पेरलं. मिठाबद्दल एकही प्राचीन लेखक बोलत नाही. ती आधुनिक काळात चिकटवलेली कथा आहे. इ.स.पू. १४६ मध्ये शहर बेचिराख झालं, आणि पंचवीस वर्षांच्या आत रोमन नेता गायस ग्राकस तिथे रोमन शेतकरी वसवायला निघाला होता. खारवलेल्या जमिनीवर?

राहिली हत्तींवर सोडलेली पेटवलेली डुकरं. गंमत म्हणजे व्हिडिओतलं सगळ्यात अशक्य वाटणारं हेच थोडंफार टिकतं. मेगारा या ग्रीक शहराला वेढा पडला तेव्हा तिथल्या लोकांनी डांबर फासून पेटवलेली डुकरं मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस याच्या हत्तींवर सोडली, असं प्राचीन लेखक पॉलिएनस आणि एलियन लिहितात. दोघेही घटनेनंतर चारेकशे वर्षांनी लिहिणारे, पण आधार आहे. भाच्याला सांगितलंय, प्रकल्पात डुकरं ठेव, रथ खोड.