सोळा नंबरचा भाव

मी मूळचा खडकीचा. आमच्याकडे हॉकी म्हणजे धुळीचं मैदान, नडगीवर बसलेला चेंडू आणि "धनराज पिल्ले इथंच खेळायचा रे" असं दर चार वाक्यांनी सांगणारे एक काका. त्यामुळे कॅनडात, टोरांटोशेजारच्या मिसिसागाला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याने "हॉकी बघतोस का?" विचारलं, तेव्हा मी तोऱ्यात हो म्हणालो. पुढची वीस मिनिटं तो जे बोलला त्यात ना ड्रिबलिंग होतं, ना पेनल्टी कॉर्नर. नुसते आकडे. कोणाला किती मिलियन, करार किती वर्षांचा, कोण कधी मोकळा होणार, अमक्याला दिला तर बदल्यात काय येईल. मला वाटलं हा माणूस बँकेत असणार. तो शाळेची बस चालवतो.

इथली हॉकी बर्फावरची, हे त्या दिवशी कळलं. ती मुख्यतः अंगणात उभं राहून, हातात फावडं धरून खेळायची असते, हे कळायला दोन हिवाळे गेले.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण धाकटा भाऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजाला राजस्थानकडे दिलं आणि संजू सॅमसनला घेतलं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर रणकंदन झालं. २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा काढून कप मिळवून देणारा माणूस, त्याला असं कसं देऊन टाकतात, असा एक पक्ष. वय झालं, धंदा आहे, असा दुसरा. मामांनी तर जडेजा आणि घरातली म्हातारी माणसं यांची तुलना करून दोन मावश्यांना ग्रुप सोडायला लावला. शेवटी भावाने मला ओढलं: "तुमच्याकडे बरं आहे दादा. तिकडे सगळं प्रोफेशनल. आपले लोक उगाच इमोशनल होतात."

त्याला तेव्हा फक्त अंगठा पाठवला. हे त्याचं खरं उत्तर.

आमच्या इथला संघ टोरांटो मेपल लीफ्स. त्यांनी स्टॅन्ली कप, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतला सगळ्यात मोठा कप, शेवटचा जिंकला १९६७ साली. माझा शेजारी तेव्हा जन्मलाही नव्हता. इतकी वर्षं कप नसला की माणसांनी करायचं काय? हिशोब करतात. त्याला निमित्तही मिळालंय. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाहून गेला आणि त्यातून पगाराची कमाल मर्यादा आली. तिला इथे सगळे 'कॅप' म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामात ती संघामागे ९ कोटी ५५ लाख डॉलर होती. त्यात वीस-तेवीस जणांचा संघ बसवायचा. एकत्र कुटुंबात दुधाचं पातेलं एकच असतं, तसं. थोरल्याच्या पेल्यात जास्त पडलं की धाकट्याच्या वाट्याला साय सोडाच, दूधही येत नाही. मग प्रत्येक प्रेक्षक हा त्या घरातली पातेल्याकडे डोळे लावून बसलेली जाऊबाई होतो.

त्यात ट्रेड. इथे संघ एकमेकांकडून खेळाडू सहसा पैशाने विकत घेत नाहीत, बदल्यात देतात. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, किंवा पुढच्या ड्राफ्टमधला 'पिक'. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवी पोरं निवडायची. पिक म्हणजे अजून शाळेत असलेल्या कुठल्यातरी पोरावरचा हक्क. त्या पोराला पत्ताही नसतो आणि इकडे त्याचा सौदा होऊन गेलेला असतो.

आता मिच मार्नर. जन्म मार्कहॅमचा, म्हणजे टोरांटोला खेटूनच. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर त्याला घरच्याच संघाने उचललं. पाठीवर १६ नंबर. लीफ्सकडून नऊ हंगामांत ६५७ सामने आणि ७४१ गुण. गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याला पास देणाऱ्यालाही एक, अशी इथली पद्धत आहे. मार्नर दुसऱ्या प्रकारातला. हा पोरगा स्वतः गोल मारण्यापेक्षा दुसऱ्याला गोलसमोर उभं करण्यात जास्त रमतो. मला तो आवडायचा तो याचसाठी. तीन जण अंगावर आलेत, सगळ्यांना वाटतंय आता अडकला, आणि पक, म्हणजे इथला चपटा चेंडू, कधीच पलीकडच्याच्या काठीवर पोचलेला असतो.

पण त्या नऊ हंगामांत लीफ्सने प्लेऑफच्या फेऱ्या जिंकल्या फक्त दोन. १८ मे २०२५ ला सातव्या सामन्यात फ्लोरिडाने घरी येऊन ६-१ ने धुतलं. त्याच मालिकेत लोकांनी अंगातल्या जर्सी काढून बर्फावर भिरकावल्या होत्या. आणि मग जे काही मार्नरच्या वाट्याला आलं, त्याला प्रोफेशनल म्हणायचं असेल तर आपलं गावजेवणातलं भांडण ही संयुक्त राष्ट्रांची सभा आहे.

लोकांचा मुख्य राग वेगळाच होता. त्याआधी मार्चमध्ये त्याला ट्रेड करून बदल्यात कॅरोलिनाचा मोठा खेळाडू मिको रांतानेन आणायचा बेत होता, पण मार्नर जायला तयार झाला नाही, अशा बातम्या आल्या. त्याच्या करारात 'नो-मूव्ह क्लॉज' होता. त्याच्या मर्जीशिवाय त्याला हलवता येत नव्हतं. २०१९ मध्ये संघाने स्वतः सही करून दिलेला हक्क त्याने वापरला, एवढंच. पण शेजारी म्हणाला, "त्याने आपल्याला काहीच मिळू दिलं नाही." आपल्याला! शेवटी करार संपायच्या आत, जूनच्या अखेरीस, आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलरचा नवा करार करून लीफ्सने त्याला लगेच व्हेगासला दिलं आणि बदल्यात निकोलस रॉय नावाचा एक बरा सेंटर, म्हणजे मधल्या जागेवर खेळणारा, घेतला. त्या दिवशी शेजारी हिरवळ कापत होता. मशीन बंद करून म्हणाला, "शंभर गुणांच्या माणसाच्या बदल्यात रॉय." मशीन चालू केलं. पुन्हा बंद केलं. "रॉय."

मला तो आवाज ओळखीचा वाटला. आमच्या चाळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या वडिलांच्या मित्रांनी जिन्यात उभं राहून हेच केलं होतं. मुलगी एवढी शिकलेली आणि मुलगा फक्त अमुक. पॅकेज, फ्लॅट, वय. तिथे कोणी मुलीला विचारलं नाही, आणि इथे मार्नरला.

भावा, आता तुझ्याकडे येतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईने रोहितच्या जागी हार्दिकला कॅप्टन केलं, तेव्हा तू निळा टी-शर्ट बाईकची सीट पुसायला घेतलास आणि त्याचा फोटो मला पाठवलास. वानखेडेवर टॉसच्या वेळी लोक इतके ओरडत होते की संजय मांजरेकरांना "जरा नीट वागा" सांगावं लागलं. हार्दिकचा गुन्हा काय? एका संघाने दुसऱ्या संघाशी व्यवहार केला, तो त्याला मान्य होता, आणि मालकांनी कॅप्टन बदलला. रोहितला काढणारे मालक, हार्दिकला आणणारे मालक, शिव्या खाणारा हार्दिक. त्या वर्षी मुंबई दहापैकी दहावी आली. मग २९ जूनला बार्बाडोसला वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर त्यानेच टाकली, आणि पाच दिवसांनी त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. तू तो व्हिडिओ पाठवलास. सीटवरच्या फडक्याबद्दल त्यात काही नव्हतं.

तर इमोशनल आणि प्रोफेशनल हा फरक मला काही पटत नाही. माझ्या शेजाऱ्याचं दुःख तुझ्याइतकंच बालिश आणि तुझ्याइतकंच खरं आहे. तू म्हणतोस "गद्दार", तो म्हणतो "कॅप हिटच्या (म्हणजे कॅपमधून खाल्लेल्या पैशाच्या) मानाने प्लेऑफमधलं उत्पादन कमी". त्याने रडायला स्प्रेडशीट उघडलंय, तू ग्रुप. आणि दोघांचं बिल जातं एकाच पत्त्यावर, खेळाडूच्या.

हे मला खरं खटकतं. किंमत खेळाडू ठरवतच नाही. ऋषभ पंतचं बघ. नोव्हेंबर २०२४, जेद्दा, आयपीएलचा लिलाव. लखनौची बोली २० कोटी ७५ लाखांवर थांबली. दिल्लीने जुना संघ म्हणून तेवढ्याच बोलीत त्याला परत घ्यायचा हक्क वापरतो म्हटलं. तेव्हा नियमाप्रमाणे लखनौला एकदा आकडा वाढवायची मुभा होती, त्यांनी थेट २७ कोटी सांगितले, दिल्ली गप्प. सव्वासहा कोटी वाढले ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे बघता बघता. पंतने त्या मिनिटात एक चेंडूही खेळला नव्हता. पण मग हंगामात त्याने १४ सामन्यांत २६९ धावा केल्या आणि सगळ्यांनी कॅल्क्युलेटर काढले: एका धावेला दहा लाख. मामांनीही काढला. मामांनी, ज्यांना मी आजवर रिक्षाचं बिल नीट वाटून घेताना पाहिलं नाही.

इथेही तेच. रांतानेनला कोलोरॅडोने २०२५ च्या जानेवारीत कॅरोलिनाला दिलं, कारण पुढे तो महाग पडणार होता. कॅरोलिनाने मार्चमध्ये पुढे डॅलसला दिलं. दीड महिन्यात तीन संघ, तीन शहरं. मग ३ मे ला प्लेऑफच्या सातव्या सामन्यात, शेवटच्या वीस मिनिटांत, त्याने कोलोरॅडोलाच तीन गोल घालून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी शेजारी आनंदाने सांगत होता की ही 'व्हॅल्यू' आधीच दिसायला हवी होती. कोणाला दिसायला हवी होती, ते त्याने सांगितलं नाही.

मला यात इतका का रस, ते सांगतो. मीही गुणांवर आलेला माणूस आहे. कॅनडात कायमचं राहायला येण्याची जी एक्स्प्रेस एंट्री पद्धत आहे, तीत उमेदवाराला १२०० पैकी गुण मिळतात: वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव. वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंत. तिशी गाठली की दर वाढदिवसाला थोडे कापतात, ४५ ला शून्य. मी पुण्यात रात्री दोन वाजता तो कॅल्क्युलेटर उघडून बसायचो. बायकोने आयईएल्टीएस पुन्हा दिली तर चार-पाच गुण वाढतील का, आणि मार्चमधल्या माझ्या वाढदिवसाच्या आत सोडत निघेल का. बायको म्हणाली, "आपण लग्नाला उभे आहोत की लिलावाला?" त्या रात्री आम्ही भांडलो. आता शेजारी कोणाबद्दल म्हणतो "एकोणतीसचा झाला, इथून पुढे उतारच", तेव्हा मी कॉफीचा कप दुसऱ्या हातात घेतो.

आणि दुसरीकडे घरचे. "तू गेलास" हे आईचं वाक्य आणि "पैशासाठी गेला" हे मार्नरबद्दलचं वाक्य यांत फार अंतर नाही. आई ते प्रेमाने म्हणते, हे मान्य.

इथल्यांना भावना नाहीत असं वाटत असेल तर ९ ऑगस्ट १९८८ हा दिवस कोणत्याही जुन्या माणसाला विचार. एडमंटनने नुकताच कप जिंकला होता आणि वेन ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला दिलं. दीड कोटी डॉलर रोख, दोन खेळाडू आणि तीन पिक. सरकारने हे थांबवावं, अशी मागणी एका खासदाराने केली. मालकाचा पुतळा जाळला. पुतळा जाळणं आपलंच पेटंट आहे, असं मी समजत होतो. मला मात्र त्यातली एक गोष्ट आवडते: लोकांनी जाळला तो मालकाचा. ग्रेट्झ्कीचा पुढच्या वर्षी ब्राँझचा उभा केला.

आपल्याकडे १९९८ ला धनराजच्या संघाने बत्तीस वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आणलं आणि नंतर त्याच्यासह काही सीनियर खेळाडूंना बाहेर बसवलं. बदल्यात काय मिळालं? रॉयसुद्धा नाही. खडकीतल्या काकांकडे तेव्हा व्हॅल्यू हा शब्द नव्हता, ते नुसते शिव्या द्यायचे, पण हॉकीचा कारभार बघणाऱ्यांना. माझ्या पाहण्यातला पत्ता बरोबर लिहिणारा चाहता तो एकच.

गेल्या जुलैत शेजाऱ्याने गॅरेज सेल काढला. जुने स्केट्स, मोडकी ट्रेडमिल, डब्यांची झाकणं आणि एका दोरीवर ती जर्सी, १६ नंबर, मार्नर. सकाळी चिठ्ठीवर ४० डॉलर होते. दुपारी खोडून २०. लोक हात लावायचे, हसायचे आणि ट्रेडमिलकडे वळायचे. चारच्या सुमाराला मी गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून चिठ्ठीवर १० लिहीत होता. मी पाच म्हणालो. त्याने जर्सी उतरवली, बाहीवरचा डाग नखाने खरवडला, घडी घातली, पुन्हा उलगडून नीट घातली. मला वाटलं आता देणार नाही. म्हणाला, "पाच, आणि दोन फ्यूचर पिक्स." म्हणजे येत्या हिवाळ्यात दोनदा त्याचा ड्राइव्ह-वे मी साफ करायचा.

जानेवारीत पहिला पिक फेडला. फूटभर बर्फ, उणे चौदा. दुसरा अजून बाकी आहे, आणि या आठवड्यात पुन्हा पडणार म्हणतात.