हापूस पल्पच्या बेलिनीबद्दल: दोन तारे दिलेल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. गुहागरच्या घरी पाहुण्यांसाठी आमच्या ८५० ग्रॅमच्या डब्यातला हापूस पल्प आणि स्पार्कलिंग वाइन घेऊन तुम्ही बेलिनी, म्हणजे फळाचा गर आणि फेसाळ वाइन यांचं कॉकटेल, केलीत. प्रमाण एकास दोन, म्हणजे पल्पच्या दुप्पट वाइन, घेतलंत. फेस उतू जाऊन टेबलभर झाला, गर तळाशी बसला, चव ‘नुसतं सरबत’ लागली आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या पल्पला धातूची चव आली. म्हणून पल्पमध्ये भेसळ आहे, असं तुमचं म्हणणं. भेसळ अजिबात नाही. हापूसचा रस, साखर आणि सायट्रिक ॲसिड, एवढंच त्यात आहे आणि लेबलवर तेच छापलेलं आहे. पण पाहुण्यांसमोर असं झालं की वाईट वाटतंच, म्हणून कारणं आणि उपाय सविस्तर लिहितो आहोत.

एकास दोन हे प्रमाण चुकीचं नाही, पण ते पीचचं आहे. बेलिनी व्हेनिसच्या हॅरीज बारची. जिउसेप्पे चिप्रियानी यांनी ती पांढऱ्या पीचच्या गरापासून केली आणि आजही १०० मिलि प्रोसेकोला (इटलीची स्पार्कलिंग वाइन) ५० मिलि गर असंच माप धरतात. पीचचा गर पातळ आणि सौम्य असतो. हापूसचा पल्प त्याहून कितीतरी दाट आणि गोड, त्यात डब्यातल्या पल्पला वरून साखर असते. तो जसाच्या तसा ओतला तर तळाशी बसणारच.

सहा ग्लाससाठी १५० ग्रॅम पल्प, ६० मिलि गार पाणी आणि १५ मिलि लिंबाचा रस घ्या. चमच्याने एकजीव करा आणि चहाच्या बारीक गाळणीतून दाबून गाळा. आमच्याकडे पल्प यंत्राच्या चाळणीतून निघतो, तरी बारीक तंतू राहतातच, म्हणून घरी पुन्हा गाळायचा. चमच्यावरून तो सलग धारेने पडायला हवा. गोळा पडत असेल तर आणखी चमचाभर पाणी घाला. मिक्सर मात्र लावू नका. मिक्सरने पल्पमध्ये हवा भरते आणि तीच पुढे फेस वाढवते. लावलाच असेल तर पल्प अर्धा तास फ्रिजमध्ये निवांत ठेवा. एका ग्लासला हे मिश्रण ३५ मिलि आणि वाइन १०५ मिलि, म्हणजे एकास तीन. ७५० मिलिच्या एका बाटलीत सहा ग्लास आरामात होतात.

आता फेस. वाइनमध्ये विरघळलेला वायू खरखरीत कण मिळाला की तिथून सुटतो आणि गाळलेल्या पल्पमध्येही असे कण असंख्य असतात. त्यात फळातलं पेक्टिन बुडबुडे लवकर फुटू देत नाही, म्हणून फेस चढत जातो. वाइन कोमट असेल तर वायू आणखी जोरात सुटतो. मे महिन्यात किनाऱ्यावर फ्रिजच्या दारात ठेवलेली बाटली पुरेशी गार होत नाही. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली मानेपर्यंत २० ते ३० मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात मध्ये हवा राहते, त्यामुळे वेळ जास्त लागतो. वाइन ६ ते ८ अंशांवर हवी, पल्पही तितकाच गार. पुण्याहून कुंभार्ली घाटाच्या वळणांतून आलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडू नका, रात्रभर उभी ठेवा. उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवायची.

ओतण्याचा क्रम तुम्ही लिहिलेला नाही, पण फेस इतका उसळला त्यावरून पल्प वाइनवर पडला असावा असं वाटतं. पल्प आधी, वाइन नंतर. ग्लास तिरका धरून दोन बोटं वाइन कडेने सोडा, लांब चमच्याने हळूच मिसळा, फेस बसू द्या. मग उरलेली वाइन दोन वेळा थांबून भरा. शेवटी चमचा तळापासून एकदाच वर उचला. जास्त ढवळलंत तर बुडबुडेच उरणार नाहीत, आणि मग बेलिनी प्यायची कशाला?

‘सरबत’ लागण्याचं मुख्य कारण बहुधा वाइन. बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेलं पाहून घ्या. त्यात लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये १२ ते १७ ग्रॅम, ‘डेमी-सेक’मध्ये ३२ ते ५०. हापूसबरोबर डेमी-सेक मुळीच नको. नाशिकची ब्रूट या कामाला उत्तम आहे, महागडी शॅम्पेन यात वाया जाते. कॅनिंगमध्ये पल्प तापवावा लागतो, त्यामुळे ताज्या आंब्याचा दरवळ थोडा कमी होतो, हे खरं आहे. लिंबू त्यासाठीच. हंगामात निम्मा ताजा रस मिसळलात तर फरक लगेच कळेल.

धातूची चव उघड्या डब्यामुळे. डबा उघडला की हवा आणि पल्पचा आंबटपणा मिळून आतल्या कथिलाच्या मुलाम्यावर परिणाम होतो. उघडल्याबरोबर सगळा पल्प काचेच्या बरणीत काढा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. न उघडलेला डबा फुगलेला दिसला तर मात्र तो उघडू नका, चाखूही नका. फोटो पाठवा, आम्ही बदलून देऊ.

तीन दिवसांत संपणार नसेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. लागतील तेवढे तुकडे आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढा आणि वरच्या मापाने पातळ करा. गोठलेला तुकडा थेट ग्लासात टाकू नका, त्याच्या खरखरीत पृष्ठभागामुळे वाइन पुन्हा तशीच उतू जाईल.