पेसर सोडून काहीही

तुम्ही रेल्वे सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर गाडी चालवायचा खेळ, बनवताय आणि त्यात ब्रिटिश गाड्या घालायच्या म्हणताय, हे ऐकून बरं वाटलं. पेसर नावाची तिथली साधी लोकलही घ्यावी का, असंही तुम्ही विचारलंत. एकच पथ्य पाळा: तिथली माणसं रोज कामावर कोणत्या गाडीने जात होती, याची चौकशी करू नका. त्या वाटेला गेलात की तुमचं दुकान बसलंच.

सुरुवात वाफेच्या फ्लाइंग स्कॉट्समनने करा. ती सगळ्यांकडे आहे, म्हणून तुमच्याकडेही हवी. मायक्रोसॉफ्टने २००१ साली आपल्या सिम्युलेटरमध्ये दिली होती, मग तुम्ही काय घोडं मारलंय? लंडनच्या किंग्ज क्रॉसहून १८६२ पासून सकाळी दहाला एडिंबरोला सुटणारी गाडी वेगळी, आणि १९२३ साली डॉनकॅस्टरला बांधून पुढच्या वर्षी वेम्बलीच्या प्रदर्शनासाठी त्याच गाडीचं नाव चिकटवलेलं इंजिन वेगळं, हा घोळ मात्र निस्तरत बसू नका. त्यापेक्षा रंगांकडे बघा. हे इंजिन आधी हिरवं होतं, युद्धात काळं झालं, मग निळं, मग गडद हिरवं. नंबर तर १४७२, ४४७२, ५०२, १०३, ६०१०३ असे बदलतच गेले. मॉडेल एकच, ब्रश फिरवायचा आणि दर दिवाळीला नवं इंजिन म्हणून विकायचं. आमच्याकडे साडीच्या दुकानात याला 'नवीन स्टॉक' म्हणतात.

१९२८ साली हीच गाडी किंग्ज क्रॉस ते एडिंबरो, ३९२ मैल, न थांबता धावू लागली. त्यासाठी टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यातून, एक अरुंद बोळ काढला होता. ताज्या दमाचे ड्रायव्हर आणि फायरमन डब्यातून निघून, त्या बोळातून अंग चोरत, अर्ध्या वाटेत इंजिनावर यायचे. तुम्ही हा बोळ हुबेहूब बनवा, अगदी रिव्हेट मोजून. फक्त त्यातून कोणी येणार नाही एवढं बघा. सव्वाआठ तास तुमचं गिऱ्हाईक एकटं कोळसा ओढेल. हौसेला मोल नसतं.

मॅलार्ड हे वाफेचं इंजिनही घ्याच. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल! आता हा वेग स्टोक बँकच्या उतारावर मिळाला होता, मागे जेमतेम सात डबे होते आणि पराक्रमानंतर मधल्या सिलिंडरचं बेअरिंग इतकं तापलं की पीटरबरोला इंजिन सोडून दुसरं जोडावं लागलं. हा रडका भाग गाळा. तुमच्या मॅलार्डला १२६ चा वेग चढावरही मिळाला पाहिजे, पावसातही, आणि मागे कोळशाच्या चाळीस वाघिणी लावल्या तरीही.

डिझेलसाठी नियम सोपा आहे: जितकी कमी बांधली, तितकी आधी घ्यावी. डेल्टिक इंजिनं फक्त २२ होती, म्हणून ती हवीतच. क्लास ४७ ची इंजिनं ५१२ बांधली. टपाल, कोळसा, तेल, प्रवासी, जे पुढ्यात येईल ते त्यांनी देशभर ओढलं. म्हणजे घरातली थोरली सूनच. तिचा फोटो कोण लावतं? १९८१ च्या डिसेंबरात धावलेली, वळणावर झुकणारी एपीटी (ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन) डिझेलची नव्हे, विजेची, पण ती तर अवश्य घ्या. ती इतकी बेमालूम झुकायची की पोटाला वळण कळायचं नाही, पण डोळ्यांना खिडकीतलं क्षितिज वाकडं दिसायचं, आणि लोकांना मळमळायचं. त्या वेळी गाडी काही दिवसच चालली, त्यामुळे वेळापत्रक बनवायचेही कष्ट नाहीत.

आता पेसर. नाव काढलंत म्हणून सांगतो, नाहीतर विषय काढणार नव्हतो. १९८० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेकडे पैसे नव्हते. मग त्यांनी लेलँडच्या बसचे भाग घेतले (आपल्या अशोक लेलँडच्या नावातला लेलँड तोच) आणि दोन आसांच्या सांगाड्यावर चढवले. बोगी, म्हणजे डब्याखालचा वळणारा चाकांचा गाडा, वगैरे लाड नाहीत. एका डब्याला चार चाकं, वाघिणीसारखी. रुळांच्या सांध्यांवर अशी माना डोलवायची की लोकांनी तिला मान हलवणारं गाढव म्हटलं, आणि तीव्र वळणावर किंचाळणं तर असं, की गावाला घड्याळाची गरज नसावी. दरवाजे बसचे, बाकं बसची, गारठाही बसचाच. मँचेस्टर, लीड्स, कार्डिफच्या आसपासच्या माणसांनी शाळा, कॉलेज, नोकरी आणि काहींनी निवृत्तीही या गाडीत काढली. अपंगांच्या सोयीचे नियम आड आले तेव्हा कुठे ती हटली, तरी शेवटच्या गाड्या २०२१ पर्यंत रेटल्याच.

अशी गाडी सिम्युलेटरमध्ये घ्यायची म्हणजे कमाल तोटा. तिचा हिसका जमवायला महिना, किंचाळी जमवायला दुसरा महिना. आणि गिऱ्हाइकाने ती चालवली तर त्याला चक्क पावसात, अंधारात, दर तीन मिनिटांनी कुठल्यातरी ओल्या फलाटावर थांबावं लागेल. त्याला मजा आली तर काय करणार? मग तुमच्या मॅलार्डचं काय होणार?

असाच दुसरा धोका वुडहेडचा. मँचेस्टर ते शेफील्डच्या या डोंगरी मार्गावर १९५४ पासून संपूर्ण १५०० व्होल्ट डीसी विजेवर गाड्या धावत. मुंबईची पहिली विजेची लोकल १९२५ साली व्हीटीहून कुर्ल्याला धावली तीही १५०० व्होल्ट डीसीवरच. घाट, बोगदे, वर तीच तार. एखादा कल्याण-कसाऱ्याचा माणूस हे वाचून हळवा होईल आणि तुम्हाला पत्र लिहील. त्याला कळवा की मार्ग १९८१ साली बंद झाला. इंजिनं मागितली, तर त्यातली सात हॉलंडला विकली गेली असं सांगा.

पत्रं येतीलच. 'मी सकाळच्या पेसरने शाळेत जायचो, एकदा तिच्या ड्रायव्हरच्या जागी बसायचंय,' असं एखादा लिहील. त्याला नम्रपणे उत्तर द्या, 'पुढच्या आवृत्तीत नक्की.' आणि मग स्कॉट्समनला निळा रंग द्यायला घ्या.