एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

नमस्कार. कन्सील्ड (भिंतीत गाडलेल्या) वायरिंगवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. वायर पीव्हीसी पाइपात आहे, वर एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) आहे, मग आरसीसीबीचा (गेला तेवढा करंट परत आला नाही, म्हणजे कुठे गळती झाली, की वीज तोडणारा स्विच) आग्रह म्हणजे उगाच घाबरवणं. तो सारखा पडतो (ट्रिप होतो) आणि फ्रिज बंद राहतो. आणि ‘आरसीसीबी कुठल्याही शॉकपासून वाचवतो’ हे माझं वाक्य साफ चूक आहे.

शेवटचं आधी, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. जमिनीशी संबंध नसताना एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीच्या लेखी तुम्ही म्हणजे एक बल्ब. गेला तेवढा करंट परत आला, तो पडणार नाही. वाक्य दुरुस्त केलंय.

पाइपाचं मात्र पटत नाही. गिलाव्याखालचा पीव्हीसी पाइप ड्रिलपुढे टिकत नाही. समजा फ्रेम लावायला मारलेला स्क्रू पाइप भेदून फेजच्या तांब्याला टेकला. भिंत कोरडी, त्यामुळे काहीच पडत नाही, आरसीसीबीसुद्धा नाही. फ्रेम झकास लागते. पुढे कधीतरी कुणी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ती काढतं आणि बोट स्क्रूला लागतं. २३० व्होल्ट, शरीराचा रोध हजार ओहम धरा: २३० मिलिअँपिअर. माणूस जायला पुरेसे. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा त्याच्या क्षमतेचा सत्तरावा हिस्सा. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो, त्याला याचा पत्ताही लागत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढ्या गळतीला ४० मिलिसेकंदांत तोडतो. झटका बसतोच, पण हात सुटतो.

ब्रिटनच्या नियमांत भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोल वायरींना म्हणूनच सहसा हे संरक्षण लागतं. शिवाय वायर स्विचच्या सरळ रेषेत, उभी किंवा आडवी न्यायची. तिरकी ओढलेली वायर पुढे कुणाला सापडत नाही. (सापडते, ड्रिलला.)

आता फ्रिज. ३० लिहिलेला आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि घरभरच्या उपकरणांची बारीकसारीक गळती एकाच आरसीसीबीवर साचते. फ्रिजला वेगळा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) द्या. ‘१०० चा बसवा, पडणार नाही’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नव्हे.

त्याआधी एक करून बघा: फ्रिजचा प्लगच काढा. नुसतं बटण बंद केलं तर न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि त्यातून गळती होऊ शकते. प्लग काढूनही पडत असेल, तर गळती दुसरीकडे आहे, किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेत आणि करंट भलत्याच वाटेने परततोय. काय होतं ते इथेच कळवा.